हक्कीचा हक्क

(बी. कॉम. भाग ३)

आपल्या संगीतशास्त्राने सात स्वरांचे मूळ पशुपक्ष्यांच्या कंठात शोधले आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा अशी वाटणी केलेली आहे. मोर खरोखर षड्जच लावतो का, हे पेटी घेऊन कोणी तपासायला गेले असेल असे वाटत नाही. आणि तपासलेच तर बिचाऱ्या मोराची फजितीच व्हायची. पण या वाटणीमागे एक नम्र भाव आहे. स्वर आपण निर्माण केले नाहीत, ते आपल्या आधीपासून रानात होते, आपण ते उसने घेतले, अशी ती कबुली आहे.

उसनवारीचा विषय निघाला की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे कान टवकारतात. घेतले कोणाकडून, घेतले किती आणि परतफेडीचे काय, हे तीन प्रश्न आम्हांला पहिल्या वर्षापासून घोटवून घेतले जातात. संगीत हा माझ्या अभ्यासक्रमाचा विषय नाही. तरीही हेच तीन प्रश्न हाती घेऊन संगीतातल्या एका वेगळ्या प्रयोगाकडे पाहावे, असे मनात आहे. तो प्रयोग म्हणजे प्रत्यक्ष वाजणारी वाद्ये आणि निसर्गातून ध्वनिमुद्रित करून आणलेले आवाज एकत्र बसवून केलेली रचना. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा प्रयोग खरे संगीत होऊ शकतो. मात्र त्याला काही अटी आहेत, आणि त्या अटी पाळल्या जात नाहीत म्हणून आज त्याची बाजारात स्वस्ताई झाली आहे.

या प्रयोगाची पूर्वपीठिका ऐकून आपल्या भागातील वाचकांना गंमत वाटेल. पक्ष्याच्या गाण्याचे जगातले सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ सालचे आहे. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर ते केले. आणि पक्षी कोणता? शामा! ज्याच्या शास्त्रीय नावातच ‘मलबारिकस’ हा शब्द आहे, असा हा पक्षी आपल्या सह्याद्रीच्या दाट जंगलांतला रहिवासी. फ्रँकफुर्टमध्ये तो अर्थातच पाळलेला होता. म्हणजे यंत्रात शिरलेला पहिला पक्षी आधीच घरापासून दूर नेलेला होता, हे लक्षात ठेवावे. पुढे त्या गोष्टीचे काम पडणार आहे.

त्यानंतरचे महत्त्वाचे वर्ष १९२४. बेळगावकरांना हे वर्ष वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले होते, आणि त्या अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत लहानगी गंगूबाई हनगल होती. त्याच डिसेंबरात तिकडे रोममध्ये ओत्तोरिनो रेस्पीगी या इटालियन संगीतकाराची ‘रोमचे पाइन वृक्ष’ ही वाद्यवृंदरचना पहिल्यांदा सादर झाली. तिच्या तिसऱ्या भागात चांदण्या रात्रीच्या टेकडीचे वर्णन आहे. त्या भागाच्या शेवटी वाद्ये अगदी मंद होतात आणि नाइटिंगेल पक्षी गाऊ लागतो. हा पक्षी बासरीवर वाजवायचा नव्हता. ग्रामोफोनची तबकडी लावून खऱ्या पक्ष्याचा आवाज ऐकवायचा, असे रेस्पीगीने स्वरलिपीत लिहून ठेवले आणि तबकडीचा क्रमांकसुद्धा दिला. वाद्यवृंदात व्हायोलिनला जागा असते, नगाऱ्याला असते. इथे तबकडीला जागा मिळाली.

त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडमध्ये बीट्रिस हॅरिसन नावाच्या चेलोवादक बाईंनी सरे परगण्यातल्या आपल्या बागेत बसून चेलो वाजवला आणि झाडीतल्या नाइटिंगेलने त्याला साथ दिली, असे बीबीसीने थेट प्रक्षेपित केले. लोकांना ते इतके आवडले की पुढे कित्येक वर्षे हा कार्यक्रम होत राहिला. २०२२ साली मात्र एक शंका जाहीरपणे पुढे आली. त्या पहिल्या रात्री पक्षी गप्प राहिला तर पंचाईत नको म्हणून पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एका कलावंताला आणून बसवले होते, आणि लोकांनी ऐकले ते त्याच माणसाचे गाणे, असे म्हटले गेले. हे खरे मानले तर प्रश्न पडतो, की ऐकणाऱ्याचे त्यात काय बिघडले? आवाज गोड होता, रात्र रम्य होती. माझ्या मते पुष्कळ बिघडले. वाण्याने साजूक म्हणून डालडा दिला तर शिरा गोड लागला म्हणून पावती खरी ठरत नाही.

नंतरची प्रगती थोडक्यात सांगतो. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओ केंद्रात पिएर शेफेर यांनी आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित करून, कापून, पुन्हापुन्हा जोडून त्यांची रचना केली. कुठलाही आवाज संगीताचा कच्चा माल होऊ शकतो, हा विचार तिथून पसरला. आपल्याकडेही हे वारे पोचले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून एक ध्वनिशाळा उभी केली. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे टेपवर प्रयोग केले. त्या फिती कपाटात पडून राहिल्या आणि जवळजवळ अर्धशतकानंतर, २०२३ साली, निवडक स्वरूपात प्रकाशित झाल्या. १९७० साली अमेरिकेत अॅलन होव्हानेस यांनी पूर्ण वाद्यवृंदाबरोबर देवमाशांचे ध्वनिमुद्रित आवाज बसवून एक रचना केली. आणि १९७२ साली फिनलंडमध्ये या जातीतली, मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी रचना जन्माला आली. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

फिनलंडच्या उत्तरेकडच्या औलू विद्यापीठाने आपल्या पहिल्या डॉक्टरेट पदवीदान समारंभासाठी आयनोयुहानी राऊतावारा या संगीतकाराकडे रचना मागितली. अशा प्रसंगी काय व्हायचे, ते आपण जाणतो. स्वागतगीत, समूहगान, ‘विद्येच्या मंदिरी’ या थाटाचे शब्द. राऊतावारांनी समूहगायकांना बोलावलेच नाही. ते टेपरेकॉर्डर घेऊन उत्तर ध्रुवीय वर्तुळाच्या आसपास आणि लिमिंका इथल्या दलदलीत गेले आणि तिथल्या पक्ष्यांचे आवाज घेऊन आले. ‘कांतुस आर्क्तिकुस’ असे या रचनेचे नाव असून ‘पक्षी आणि वाद्यवृंद यांच्यासाठी’ असे तिचे वर्णन केलेले आहे. सोलो वाद्याची जागा इथे पक्ष्यांनी घेतली आहे.

साधारण अठरा मिनिटांच्या या रचनेचे तीन भाग आहेत. पहिला ‘दलदल’. दोन बासऱ्या एकमेकींभोवती घुटमळत सुरुवात करतात, मग इतर फुंकवाद्ये येतात, आणि त्यांच्यात पक्षी केव्हा मिसळले ते कळतही नाही. दुसरा भाग ‘विषाद’. त्यात चंडोलाच्या जातीच्या एका लहानशा पक्ष्याचा आवाज यंत्राने दोन सप्तके खाली आणलेला आहे. चिमुकल्या गळ्यातली ती शीळ खर्जात उतरली की जणू न पाहिलेल्या एखाद्या मोठ्या पाखराची हाक वाटते. तिसऱ्या भागात हंस स्थलांतराला निघतात. आवाज वाढत जातो, थव्यांवर थवे येतात, वाद्यवृंद त्यांच्याबरोबर चढत जातो आणि शेवटी दोन्ही मिळून दूर विरून जातात. आज ही रचना मोबाइलवर कोणालाही ऐकता येते. ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी एकदा दिवा मालवून ऐकावी. वर्गात ‘वाद्यवृंद’ हा शब्द पाठ करण्यापेक्षा त्याचा अर्थ तिथे लवकर कळेल.

आता आक्षेपांकडे वळू. हा विषय काढला की घरी-दारी तीन आक्षेप हमखास ऐकू येतात.

पहिला आक्षेप असा की, पाऊस ऐकवायला पाऊसच वाजवायचा असेल तर कलेची गरज काय? आपल्याकडे मल्हार आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’ या कार्यक्रमात राग आणि लोकगीते यांतून सगळा पावसाळा उभा केला, तो तानपुरा, तबला, पेटी आणि गळा एवढ्यावरच. पावसाची टेप त्यांना लागली नाही. आक्षेप वजनदार आहे; मल्हाराच्या बाजूने मीही हात वर करीन. पण दोन्ही गोष्टींचे काम निराळे आहे. मल्हार सांगतो की पावसाने माणसाचे काय होते. त्यात पाऊस आहे तो मनावर पडलेला. ध्वनिमुद्रित पाऊस सांगतो की आपण नसतो तिथेही पाऊस पडतो, आणि कोणी दाद दिली नाही म्हणून थांबत नाही. कन्नडमध्ये पावसाला ‘मळे’ म्हणतात. मराठीत ‘मळे’ म्हणजे पिकाची शेते. शब्द एक, अर्थ दोन, आणि एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. मल्हार आणि पाऊस यांचेही तसेच समजावे.

दुसरा आक्षेप साधनेचा. गवई पहाटे उठून चाळीस वर्षे खर्ज भरतो, आणि इथे बटण दाबले की पक्षी हजर! याला काय संगीत म्हणायचे? या आक्षेपात एक गोष्ट सुटून जाते. टेपबरोबर वाजवणे हे माणसाबरोबर वाजवण्यापेक्षा अवघड आहे. मैफलीत गवई अडला तर तबलजी सांभाळून घेतो. तबलजी घाईत आला तर गवई डोळ्यांनी खुणावतो. दोघे एकमेकांकडे बघत समेवर येतात. टेपमधला पक्षी कोणाकडे बघत नाही. त्याला सम नाही, लय त्याची त्याला ठाऊक. चुकले तर तो थांबणार नाही आणि छान जमले तर मान डोलावणार नाही. म्हणजे ऐकण्याचे सगळे कष्ट एकट्या वादकाने करायचे. संबंध आयुष्यात माणूस निसर्गाला आपल्या तालावर नाचवतो. निदान अठरा मिनिटे त्याला दुसऱ्याच्या तालाने चालावे लागते. मला या प्रयोगातली ही सर्वांत मोठी साधना वाटते.

तिसरा आक्षेप शास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून येतो. पक्षी काही गात नसतो, तो आपली हद्द सांगत असतो किंवा मादीला बोलावत असतो. त्याला संगीत म्हणणे हा आपला भाबडेपणा. हे मान्य. पण हद्द सांगणे आणि प्रियेला बोलावणे ही दोन कामे वजा केली तर माणसाच्या गाण्यात तरी काय उरते? राष्ट्रगीते आणि भावगीते दोन्ही बाद होतील! पक्ष्याच्या मनात काय आहे ते आपल्याला ठरवता येणार नाही. आपण त्याच्या आवाजाचे काय करतो, एवढेच आपल्या हातात आहे, आणि खरी परीक्षा तिथेच आहे.

ती परीक्षा कशी घ्यावी? मला तीन साधे निकष सुचतात. एक, टेपमधला आवाज काढून टाकला तर रचना कोलमडते का? कोलमडत नसेल तर तो आवाज केवळ सजावटीसाठी आणला होता, मांडवाच्या दाराशी लावलेल्या प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांसारखा. दोन, वाद्ये त्या आवाजाला उत्तर देतात का, की त्याच्यावर कुरघोडी करतात? आणि तीन, आवाज कुठला, कोणाचा, केव्हाचा, आणि त्यात काय फेरफार केले, हे ऐकणाऱ्याला सांगितले आहे का? राऊतावारांनी पक्ष्याचा आवाज दोन सप्तके उतरवला, पण तसे सांगून उतरवला. हिशेबात बदल करायला हरकत नसते. बदलाची नोंद नसली तर मात्र हिशेब तपासनीस लाल शाई काढतो.

या निकषांवर आजचा बाजार तपासून पाहा. मोबाइलवर ‘शांत झोपेसाठी पाऊस आणि बासरी’, ‘ध्यानासाठी जंगल आणि संतूर’ असल्या गोष्टींचा नुसता पूर आला आहे. आठ-आठ तासांचा पाऊस! त्यातला पाऊस कुठल्या गावचा, जंगल कुठल्या खंडातले, पक्षी कोणता, काही पत्ता नाही. बासरी पावसाला विचारत नाही आणि पाऊस बासरीला. उद्देशच असा की ऐकणाऱ्याने ऐकू नये, झोपावे. झोपेला माझा विरोध नाही. परीक्षेच्या दिवसांत तर ती फार मोलाची वस्तू आहे. पण ज्याला ऐकायचेच नाही त्याला संगीत म्हणू नये. आपल्याकडच्या फ्यूजनच्या कार्यक्रमांतही सिंथेसायझरवर एक ‘पक्षी’ असतो. बटण दाबले की चिवचिव होते, आणि भूपाळीपासून लावणीपर्यंत तोच पक्षी सर्वत्र कामाला येतो. इतका कष्टाळू पक्षी मी कुठल्याच रानात पाहिलेला नाही.

आता माझ्या विषयावर येतो. कायद्याच्या तासाला आम्हांला १९५७ चा भारतीय कॉपीराइट कायदा थोडाफार शिकावा लागतो. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कोण, तर निर्माता, असे तो कायदा म्हणतो. आणि प्रकाशनानंतर साठ वर्षे त्याचा हक्क चालतो. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात ‘परफॉर्मर’ची, म्हणजे प्रयोग करणाऱ्या कलावंताची, व्याख्या आली. तीत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी यांचाही नावाने उल्लेख आहे. वाचून बरे वाटले; रस्त्यावरच्या कलावंताची कायद्याने दखल घेतली. पण लगेच मनात आले, पुंगी वाजवणाऱ्या गारुड्याला हक्क मिळाला, नागाला मात्र नाही! कन्नडमध्ये पक्ष्याला ‘हक्की’ म्हणतात. मराठी आणि कन्नड दोन्ही येणाऱ्या माणसाच्या कानाला हे फार टोचते. ‘हक्की’च्या नावातच हक्क आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात तिला तेवढा एकच नाही.

याचा अर्थ पक्ष्यांच्या नावाने बँकेत खाती उघडावीत असा नव्हे. परंतु व्यवहार एकतर्फी राहू नये, एवढे म्हणण्याइतका हिशेब आम्ही शिकलो आहोत. परतफेड कशी होऊ शकते याचे एक उदाहरण जगासमोर आहे. बर्म्युडा बेटांजवळ अमेरिकी नौदलाचे फ्रँक वॉटलिंग्टन नावाचे अभियंते पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून आवाज टिपत होते. त्यांच्या फितींवर कुबडवाल्या देवमाशांचे लांबलचक, पुन्हापुन्हा येणारे आवाज उमटले. रॉजर पेन या शास्त्रज्ञाच्या हाती त्या फिती आल्या, आणि १९७० साली त्यांच्यापासून एक ध्वनिमुद्रिका निघाली. ती भरपूर खपली. १९७९ च्या जानेवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने अंकासोबत या आवाजांची पातळ तबकडी दिली, तिच्या एक कोटीहून अधिक प्रती काढाव्या लागल्या. ज्या प्राण्याकडे जग तेलाचा आणि मांसाचा साठा म्हणून पाहत होते, त्याला आवाज आहे हे लोकांना कळले. देवमासे वाचवण्याच्या चळवळीला त्या आवाजाने मोठे बळ दिले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला आणि १९८६ पासून ती अमलात आली. केवळ गाण्याने हे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण गाणे ऐकले नसते तर इतक्या लोकांना त्यांची पर्वा वाटली असती का? हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर घेतलेल्या आवाजाची ती व्याजासकट परतफेड होती.

परतफेड राहून गेली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर ‘ओओ’ नावाचा एक काळसर पक्षी होता. नर आणि मादी आळीपाळीने गात. १९८७ नंतर तो कोणी ऐकलेला नाही. २०२३ साली अमेरिकी सरकारने नामशेष म्हणून त्याचे नाव संरक्षित जीवांच्या यादीतून काढून टाकले. त्याच्या नराचे ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. तो आपली ओळ गातो, जोडीदाराच्या ओळीसाठी जागा सोडतो आणि पुन्हा आपली ओळ गातो. त्या मोकळ्या जागेत आता कोणत्याही वाद्यवृंदाने काहीही वाजवले तरी ते उत्तर होणार नाही. १८८९ च्या शामापासून सुरू झालेला प्रवास इथे येऊन थांबतो. पहिल्या पक्ष्याला आपण घरापासून दूर नेऊन यंत्रात घेतले. या पक्ष्याला यंत्राखेरीज घरच उरले नाही.

म्हणून हा विषय मला रोम आणि फिनलंडपुरता वाटत नाही. आपल्या दाराशी काय आहे ते पाहा. खानापूर तालुक्यात भीमगडचे अभयारण्य आहे, म्हादईचा उगम त्याच रानात आहे. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारे दुर्मिळ वटवाघूळ जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्याचा बराचसा आवाज तर माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या घाटांत पावसाळ्याच्या तोंडावर शीळकरी कस्तुर माणसासारखी रमतगमत शीळ घालतो. रस्ते रुंद होत आहेत, वाहने वाढत आहेत; आवाज कमी होत आहेत आणि गोंगाट वाढत आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आज असे यंत्र आहे की राऊतावारांना त्यांच्या दलदलीत त्याचा हेवा वाटला असता. त्यावर आपण काय रेकॉर्ड करतो? बहुधा एकमेकांना.

शेवटी एक गोष्ट, जी आपल्या अंकाशीच संबंधित आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तीत पाऊस, लाटा, बेडूक, पक्षी, हत्ती यांचे आवाज आहेत, आणि जगभरच्या निवडक संगीतात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. देवमाशाचा आवाज मात्र गंमतीने कुठे घातला आहे? पृथ्वीवरच्या माणसांनी दिलेल्या शुभेच्छांबरोबर. केसरबाई एका बाजूला, पाऊस दुसऱ्या बाजूला. दोघी एकाच तबकडीवर अब्जावधी मैल एकत्र प्रवास करीत आहेत, आणि एकमेकींना ऐकत नाहीत.

आपल्या अंकाचेही असेच आहे. एका बांधणीत मराठी विभाग आहे आणि कन्नड विभाग आहे. मराठीवाले आपली पाने वाचून अंक मिटतात, कन्नडवाले दुसऱ्या बाजूने उघडून तेच करतात. भाषेच्या प्रश्नावर इथे लिहिण्याचा माझा विचार नाही. ते लिहायला मोठी माणसे पुष्कळ आहेत. पण पावसाळ्यातल्या बेडकाला कोणी विभाग विचारलेला नाही. तेव्हा येत्या स्नेहसंमेलनासाठी दोन्ही विभागांच्या संपादक मंडळांपुढे मी एक सूचना ठेवतो. दोन्ही विभागांतून पाच-पाच विद्यार्थी निवडावेत. त्यांनी एक पावसाळाभर आपल्या परिसराचे आवाज गोळा करावेत. प्रत्येक आवाजाखाली गाव, तारीख आणि वेळ लिहावी. मग पेटी, तबला, बासरी, हलगी जे जमेल ते घेऊन वीस मिनिटांची एक रचना बसवावी. तीत वाद्यांनी आधी ऐकावे आणि मग बोलावे. शब्द नकोत, म्हणजे कोणत्या भाषेत लिहायचे हा प्रश्नच येणार नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या ध्वनिमुद्रणांची यादी मराठीत आणि कन्नडमध्ये, समोरासमोरच्या पानांवर, या अंकात छापावी.

खर्च विचाराल तर फारसा नाही. खानापूरपर्यंतचे बसभाडे, चहा आणि थोडी पहाटेची झोप. जमेच्या बाजूला काय पडेल? कदाचित रचना साधारणच होईल. पण वीस-पंचवीस वर्षांनी इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने ती यादी उघडली, तर कोणता आवाज अजून शिल्लक आहे आणि कोणता उरलेला नाही, हे त्याला ताडून पाहता येईल. ताळेबंद मांडायचा तर सुरुवातीची शिल्लक कुणीतरी लिहून ठेवावी लागते. आजवर ती कोणी लिहिलेली नाही. आपण लिहू या.